१८० दरवाजांचे विलकॉक्ससाहेब

रुरकी म्हटलं की आपल्याला आयआयटी आठवते. ती आयआयटी व्हायच्या कितीतरी आधी, थॉमसन कॉलेज असताना, १८७२ मध्ये तिथून विल्यम विलकॉक्स नावाचा तरुण इंजिनिअर होऊन बाहेर पडला. जन्म १८५२ चा, तोही भारतातलाच. दहा-अकरा वर्षं इथल्या पाटबंधारे खात्यात काढून १८८३ मध्ये साहेब इजिप्तला गेले आणि नाईलचेच होऊन राहिले.

नाईलला ऑगस्ट-सप्टेंबरात पूर यायचा, लालसर, गाळाने भरलेला. उन्हाळ्यात मात्र कापसाला पाणी पुरत नसे. धरण तर हवं, पण गाळ अडला तर जलाशय भरून जाणार आणि शेतंही उपाशी राहणार. विलकॉक्ससाहेबांनी अस्वानसाठी सुचवलं ते असं : भिंतीत दरवाजेच दरवाजे ठेवायचे. पुराचं गढूळ पाणी सरळ जाऊ द्यायचं, आणि पूर ओसरून पाणी निवळलं की दरवाजे लावून साठा करायचा. १९०२ मध्ये धरण पूर्ण झालं तेव्हा त्याला असे १८० दरवाजे होते!

हिशेब शेतीचा होता, पण फावलं समुद्राचं. भूमध्य समुद्राचा पूर्व भाग तसा कंगाल, पाण्यात फॉस्फेट-नायट्रेट नावालाच. पुराबरोबर ते मुखाशी पोचायचं, डायटम ही सूक्ष्म वनस्पती फोफावायची आणि सार्डिनचे (आपल्या तारलीचे भाऊबंद) थवे किनाऱ्याला लागायचे.

साहेब हट्टी. नाईलच्या नव्या योजनांमधले आकडे खोटे आहेत असा जाहीर आरोप केला, १९२१ मध्ये बदनामीच्या खटल्यात दोषी ठरले. तरी गप्प बसले नाहीत. सत्तरी उलटल्यावर कलकत्त्यात व्याख्यानं देऊन सांगितलं, की बंगालचे जुने कालवे पुराचं लाल पाणी शेतात नेत, त्याबरोबर मासे जात, ते डासांच्या अळ्या खात. बांध घालून हे बंद पाडलं म्हणून मलेरिया वाढला. १९३२ मध्ये ते कैरोत वारले.

पुढे त्याच अस्वानच्या थोडं वर उंच धरण झालं. १९६४ पासून त्याने पूरच अडवला, गाळ नासर सरोवराच्या तळाशी बसू लागला. १९६२ मध्ये सुमारे १८,००० टन सार्डिन मिळाली होती, १९६८ मध्ये ५०० टनांच्या आसपास. १९८० च्या दशकात मासळी पुन्हा वाढली. बऱ्याच शास्त्रज्ञांच्या मते त्यामागे शेतातली रासायनिक खतं आणि शहरांचं सांडपाणी होतं. म्हणजे नाईल पूर्वी फुकट द्यायची ते आता खताच्या पोत्यातून आणि गटारातून जाऊ लागलं!