सेसिल किंबर आणि मागच्या आसाचे गणित

२०१९ पासून आपल्या रस्त्यांवर अष्टकोनी बिल्ल्याच्या एमजी गाड्या दिसू लागल्या. त्या वडोदऱ्याजवळ हालोलला तयार होतात. ‘एमजी’ म्हणजे ‘मॉरिस गॅरेजेस’, आणि हे नाव इंग्लंडातील ऑक्सफर्ड गावच्या एका मोटारविक्रीच्या दुकानाचे होते, हे मात्र गाडीत बसणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्या दुकानातून एक जगप्रसिद्ध स्पोर्ट्स कार उभी करणारा माणूस म्हणजे सेसिल किंबर. त्याच्यापाशी इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. एकही इंजिन त्याने स्वतः आरेखून काढले नाही. दुसऱ्याच्या कारखान्यातील तयार भागांतून नेमके काय घ्यायचे, काय बदलायचे आणि ते किती किमतीला विकायचे, एवढेच त्याला फार चांगले कळत होते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्याचे चरित्र जवळचे वाटते ते यामुळेच.

किंबरचा जन्म १२ एप्रिल १८८८ रोजी लंडनजवळ डलिच येथे झाला. वडिलांचा छपाईच्या शाईचा धंदा होता. पुढे कुटुंब उत्तरेला मँचेस्टरच्या बाजूला गेले, आणि शिक्षण आटोपताच मुलगा घरच्या धंद्यात विक्रेता म्हणून लागला. मोटरसायकलचे वेड होतेच. ऐन विशीत त्याला मोठा अपघात झाला. उजवा पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. शस्त्रक्रियांनी पाय वाचला, पण तो आखूड राहिला आणि किंबर जन्मभर लंगडत चालला. नुकसानभरपाईची रक्कम मुलाने धंद्यात घालावी अशी वडिलांची इच्छा होती. मुलाने त्यातून सिंगर कंपनीची एक छोटी मोटार घेतली. बापलेकांचे बिनसले ते बिनसलेच.

पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने दोन-तीन कारखाने पाहिले, आणि युद्ध संपता संपता तो बर्मिंगहॅमच्या ई. जी. रिग्ली या कंपनीत आला. ही कंपनी दुसऱ्यांच्या मोटारींसाठी गिअर आणि आस बनवी. विल्यम मॉरिसच्या पहिल्या मोटारींचे आसही तिचेच. याच काळात रिग्लीने अँगस-सँडरसन नावाच्या एका नव्या मोटारीसाठी गिअरबॉक्स आणि आस पुरवण्याचे मोठे काम अंगावर घेतले. ठिकठिकाणचे भाग आणून स्वस्तात मोटार जुळवायची, असा तो बेत होता. किंबरने स्वतःची पुंजीही त्यात घातली. मोटार चालली नाही, पुरवठादार रिग्लीही बुडाली, आणि किंबरचे पैसे गेले. १९२४ च्या आरंभी मॉरिसनेच ती कंपनी विकत घेतली. किंबर त्याआधीच, १९२१ साली, मॉरिस गॅरेजेसमध्ये विक्री-व्यवस्थापक म्हणून आला होता. पुढच्याच वर्षी तिथला व्यवस्थापक वारला आणि सर्व कारभार किंबरच्या हाती आला.

इथे मागच्या आसाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण स्पोर्ट्स कारचा स्वभाव बराचसा तिथे ठरतो. इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समधून लांब शाफ्टने मागे जाते. शाफ्टच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते, त्याला पिनियन म्हणतात. ते एका मोठ्या चाकाला, म्हणजे क्राउनला, फिरवते आणि क्राउन मागच्या चाकांना. (कन्नडमध्येही गिअरच्या दातांना ‘हल्लु’च म्हणतात. दातांच्या बाबतीत तरी आपल्या मासिकाचे दोन्ही विभाग एकमताचे आहेत!) क्राउनला ४१ दात आणि पिनियनला ८ असतील, तर शाफ्टचे ५.१२५ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. हा आकडा मोठा असेल तर गाडी चढणीला जोर धरते आणि चटकन वेग घेते. पण सपाट रस्त्यावर इंजिन लवकर किंचाळू लागते, पेट्रोल जास्त जाते, झीज वाढते. आकडा लहान असेल तर सरळ रस्त्यावर गाडी शांतपणे लांब पल्ला मारते, पण चोर्ला घाटासारखी चढण आली की वरचा गिअर सोडून खाली यावेच लागते. ज्याने भरलेल्या ट्रकमागे घाट चढला आहे त्याला हे निराळे समजावायला नको.

दातांची संख्या पूर्णांकातच असते, त्यामुळे मनात येईल तो आकडा घेता येत नाही. शिवाय ४० ला ८ अशी सरळ भागणारी जोडी सहसा टाळतात. तशा जोडीत पिनियनचा एकेक दात क्राउनच्या ठरावीक पाच दातांनाच भेटत राहतो, आणि एखाद्या दाताला खोट असली तर ती तिथेच खोल होत जाते. ४१ ला ८ किंवा ३९ ला ८ या जोड्यांत प्रत्येक दाताची गाठ आलटूनपालटून समोरच्या प्रत्येक दाताशी पडते आणि झीज सारखी वाटली जाते.

मॉरिस मोटार साध्या कुटुंबासाठी होती. किंबरने तिचाच सांगाडा घेतला, तो खाली बसवला, त्यावर हलकी, देखणी बॉडी चढवली आणि इंजिनाला थोडी कसरत शिकवली. १९२३ मध्ये लंडन ते लँड्स एंड या रात्रंदिवसाच्या चाचणीत अशीच गाडी चालवून त्याने सुवर्णपदक मिळवले. १९२५ च्या ईस्टरला त्याच चाचणीसाठी मुद्दाम एक गाडी बांधली. तिनेही सुवर्णपदक आणले, आणि नंतर किंबरने ती ३०० पौंडांना एका ओळखीच्या गृहस्थाला विकून टाकली. पुढे हीच गाडी ‘ओल्ड नंबर वन’ म्हणून मिरवू लागली तेव्हा कंपनीने ती अवघ्या १५ पौंडांना परत घेतली म्हणतात. घसाऱ्याचे इतके चांगले उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. खरे तर ती पहिली एमजी नव्हेच, आधी बऱ्याच विकल्या गेल्या होत्या. पण किंबर मुळात विक्रेता, जाहिरातीची किंमत त्याला कळत होती. अष्टकोनी बिल्लाही त्याच्या हिशेबखात्यातल्या ली नावाच्या माणसाने काढलेला. कारकून मंडळींनी हे लक्षात ठेवावे.

त्याची खरी करामत १९२८ सालची. मॉरिसने त्या वर्षी १२५ पौंडांची ‘मायनर’ आणली. तिचे इंजिन ८४७ सी. सी. चे, वरच्या कॅमशाफ्टचे आणि चपळ. किंबरने तिच्यावर कापड मढवलेली, मागे निमुळती होत जाणारी दोनआसनी बॉडी बसवली. ही बॉडी एका पुरवठादाराकडून साडेसहा पौंडांत पडत होती. गाडीची किंमत ठेवली १७५ पौंड. हीच पहिली ‘मिजेट’. तोवर स्पोर्ट्स कार म्हणजे श्रीमंतांचा छंद. आता नोकरदार तरुण हप्त्याने का होईना ती घेऊ शकत होता. तीन हजारांहून अधिक मिजेट खपल्या. १९२९ साली कारखाना ॲबिंग्डन गावातील एका जुन्या चामड्याच्या कारखान्यात हलला, आणि १९३० मध्ये एमजी कार कंपनी वेगळी नोंदली गेली.

पुढची पाच वर्षे किंबरच्या आयुष्यातील सर्वांत भरभराटीची. फेब्रुवारी १९३१ मध्ये फ्रान्समधील माँलेरीच्या धावपट्टीवर जॉर्ज आयस्टनने ७५० सी. सी. च्या वर्गात प्रथमच ताशी १०० मैल ओलांडले, ते एमजीतून. १९३३ साली इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत के-३ या एमजीच्या संघाने बक्षीस मिळवले. त्याच वर्षी अल्स्टरची टूरिस्ट ट्रॉफी के-३ मध्ये बसून नुव्होलारीने जिंकली. विक्रमाच्या गाडीला एकदाच सरळ रेषेत सुसाट जायचे असते, तिला आसाचा लहान आकडा लागतो. चिखलातल्या चढणी चढणाऱ्या चाचणीच्या गाडीला मोठा. शर्यतीच्या गाडीला तर प्रत्येक मैदानाप्रमाणे निराळा. सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी इंजिन आपल्या पूर्ण जोरावर पोचावे, त्याआधी नाही आणि नंतरही नाही, असा आकडा शोधायचा असतो. शर्यतवाल्यांना क्राउन-पिनियनच्या दोन-तीन जोड्या बाळगून चालते. दुकानातून एकच गाडी नेणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र एकाच आकड्यावर आठवडाभर कचेरीला जायचे असते आणि रविवारी डोंगरही चढायचा असतो. माझ्या मते दुसरे गणित पहिल्यापेक्षा अवघड, आणि कंपनीचे पोट त्यावरच चालते.

१ जुलै १९३५ ला सगळे पालटले. तोवर एमजी ही विल्यम मॉरिसची, म्हणजे लॉर्ड नफील्डची, खासगी मालमत्ता होती. त्याने ती स्वतःच्याच मॉरिस मोटर्सला विकली. शर्यतीचा विभाग बंद झाला, कारण त्याचा खर्च कुठल्याच खात्यात बसत नव्हता. आरेखनाचे कामही काउलीच्या मुख्य कारखान्यात गेले. किंबर ॲबिंग्डनलाच राहिला, पण कुठले इंजिन, कुठला आस, हे आता दुसरीकडे ठरू लागले. ताळेबंद पाहिला तर हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. शर्यतीच्या गाड्यांनी नाव मिळवले, नफा नव्हे. तरीही ज्याचे सारे कसब निवडीत होते त्याच्या हातून निवडच काढून घेतली गेली, हे विसरता येत नाही.

१९३६ ची टीए मिजेट ही काउलीची गाडी. जुन्या मंडळींनी नाके मुरडली. इंजिन १२९२ सी. सी. चे, साध्या कुटुंबाच्या गाडीतून आलेले. सिलिंडर अरुंद आणि पिस्टनची धाव लांब, १०२ मिलिमीटर. इंग्लंडात मोटारीचा कर बरीच वर्षे सिलिंडरच्या व्यासावर आकारला जाई, म्हणून तिथली इंजिने अशी उंच आणि सडपातळ झाली. करप्रणाली यंत्राला कसा आकार देते याचा हा नमुनाच! लांब धावेचे इंजिन फार फेरे घेऊ शकत नाही. टीएचा पूर्ण जोर मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर येई. म्हणून मागे ३९ ला ८, म्हणजे ४.८७५ हा आकडा. १९३९ मध्ये टीबी आली. तिच्या १२५० सी. सी. च्या नव्या इंजिनाची धाव ९० मिलिमीटर आणि पूर्ण जोर ५२०० फेऱ्यांवर. हिशेब केला तर दोन्ही गाड्यांत पिस्टन मिनिटाला सुमारे सव्वानऊशे मीटरच धावतो. पण नवे इंजिन तेवढ्याच श्रमात जास्त फेरे देते. हे जास्तीचे फेरे वेगासाठी न वापरता ओढीसाठी वापरले गेले, आणि मागे ४१ ला ८ आले. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरला, तर इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांना टीए ताशी २५.८ किलोमीटर जाते आणि टीबी २४.६. म्हणजे कागदावर टीबी मंद. रस्त्यावर मात्र ती लवकर वेग घेई आणि शेवटी पुढेही जाई, कारण तिचे इंजिन वर चढायला तयार असे. नुसता आसाचा आकडा पाहून गाडीची परीक्षा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. टीबी जेमतेम ३७९ बनल्या आणि महायुद्ध सुरू झाले.

त्याच वर्षी जर्मनीतील देसाऊच्या महामार्गावर गोल्डी गार्डनरने ११०० सी. सी. च्या एमजीतून ताशी ३२५ किलोमीटरहून अधिक वेग गाठला होता. काउलीने बंद केलेल्या शर्यतीच्या धंद्यातले एवढेच किंबरने शिल्लक राखले होते.

युद्धात मोटारी बंद झाल्या. कारखाना रिकामा राहू नये म्हणून किंबरने रणगाड्यांच्या दुरुस्तीची कामे आणली, मग अल्बमार्ल विमानाच्या पुढच्या भागाचे कामही घेतले. हे शेवटचे काम त्याने काउलीला न विचारता घेतले, असा त्याच्यावर ठपका आला. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. एकोणीस-वीस वर्षे ज्या संस्थेला त्याने घडवले, तिने त्याला काढले ते एक काम मिळवल्याबद्दल. शिस्तीची बाजू समजते, तरी न्याय झाला असे वाटत नाही. त्याने दुसऱ्या एका कारखान्यात काम केले, आणि मग तो पिस्टन बनवणाऱ्या कंपनीत गेला.

४ फेब्रुवारी १९४५, रविवार. कामानिमित्त पीटरबरोला जाण्यासाठी किंबर लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून संध्याकाळी सहाच्या लीड्स गाडीत बसला. डबे सतरा. स्थानक सोडताच बोगदा आणि चढण. कॅसलरॉकच्या घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे. इथे शंभराला एकच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने काहीच नाही. पण बोगद्यातले रूळ नुकतेच बदललेले होते. इंजिनाची चाके त्यावर जागीच घसरू लागली. अंधारात आणि धुरात चालकाला समजलेच नाही की गाडी थांबली आहे, आणि आता मागे चालली आहे. वेग फार नव्हता. शेवटचा डबा रुळांवरून घसरून सिग्नलच्या खांबांवर आदळला. दोन प्रवासी मेले, त्यांपैकी एक किंबर. वय छप्पन्न.

त्याच वर्षी युद्ध संपले आणि ॲबिंग्डनहून टीसी बाहेर पडली. थोडीशी रुंद केलेली टीबीच ती, मागे तेच ४१ ला ८. सुमारे दहा हजार टीसी बनल्या, बऱ्याच परदेशी गेल्या, आणि अमेरिकेत स्पोर्ट्स कारचे वेड पसरवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आज ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्यापुढे जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. ताशी १०० किलोमीटरला मूळ आसावर इंजिनाचे सुमारे ४०७० फेरे होतात. ३९ ला ८ बसवला तर ३८७०, आणि ४१ ला ९ चे प्रमाण ठेवले तर ३६२०. महामार्गावर कान शांत राहतात, पण इंजिन तेच ५४ अश्वशक्तीचे, आणि चढणीला तिसरा गिअर लवकर मागते. काही जण मूळचीच जोडी ठेवतात आणि ताशी ८० नेच जातात.