गाद्या वाहून नेणारा प्राध्यापक

विजापूरचा गोल घुमट पाहिला नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात क्वचितच सापडेल. घुमटाखालच्या सज्जात उभे राहून आपण सर्वांनीच आरोळ्या ठोकल्या आहेत आणि त्या पुन्हापुन्हा परत येताना ऐकून मौज वाटून घेतली आहे. पण हीच मौज एखाद्या वर्गात सुरू झाली तर? किंवा नव्या घराच्या दिवाणखान्यात, हौसेने आणलेल्या होम थिएटरभोवती सुरू झाली तर? पदार्थविज्ञान शिकवतो एवढ्या एकाच भांडवलावर बेळगावातील ओळखीची मंडळी मला अधूनमधून स्पीकर लावून द्यायला बोलावतात. संवाद कळत नाहीत, खालचा आवाज नुसता घुमतो, या त्यांच्या नेहमीच्या तक्रारी. त्या ऐकल्या की मला वॉलेस क्लेमेंट सेबाइन या अमेरिकन प्राध्यापकाची आठवण होते. ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात त्याचे नाव एका सूत्राला चिकटलेले आढळते. सूत्र परीक्षेपुरते पाठ होते आणि माणूस मागे राहतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

सेबाइनचा जन्म १३ जून १८६८ रोजी ओहायो राज्यातील रिचवुड या गावी झाला. वयाच्या अठराव्या वर्षी तो पदवीधर झाला व पुढील शिक्षणासाठी हार्वर्डला गेला. डॉक्टरेटच्या वाटेला तो गेलाच नाही. शिकवणे आणि प्रयोगशाळा उभी करणे यांतच त्याचा जीव रमला. १८९५ साली तो सत्तावीस वर्षांचा एक तरुण अध्यापक होता, आणि ध्वनिशास्त्राशी त्याचा विशेष संबंधही नव्हता.

त्याच वर्षी हार्वर्डमध्ये फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उघडली. इमारत देखणी, पण तिच्यातील व्याख्यानगृह निरुपयोगी! साध्या आवाजात उच्चारलेला शब्द तेथे साडेपाच सेकंदांपर्यंत रेंगाळत असे. तेवढ्या वेळात वक्ता आणखी दहा-पंधरा शब्द बोलून जाई आणि सगळ्यांची एकच खिचडी श्रोत्यांच्या कानी पडे. अध्यक्ष एलियट यांनी ही खोली दुरुस्त करण्याचे काम सेबाइनवर सोपवले. ज्येष्ठांच्या दृष्टीने हे काम म्हणजे नसती ब्याद होती. सभागृह चांगले निघणे वा वाईट निघणे हा नशिबाचा भाग, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत. त्यावरचा प्रचलित उतारा म्हणजे छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तारा ताणून बांधणे. या तारांचा काडीइतका उपयोग होत नाही हे सेबाइनने पुढे स्पष्टपणे सांगितले. आजही महागड्या तारा घेतल्या की आवाज सुधारतो असे सांगणारे विक्रेते भेटतात, तेव्हा मला त्या जुन्या तारा आठवतात.

सेबाइनने केलेली गोष्ट इतकी साधी होती की ती आधी कोणी का केली नाही याचेच नवल वाटावे. हार्वर्डमध्येच सँडर्स थिएटर नावाचे दुसरे सभागृह होते. त्याच्या बाकांवरच्या गाद्या त्याने रात्री उचलून फॉगच्या व्याख्यानगृहात आणल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, ती बंद करायची, आणि नाद विरून ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी गाद्या मांडायच्या आणि पुन्हा मोजायचे. नाद संपला हे ठरवणारे उपकरण म्हणजे त्याचा स्वतःचा कान. दिवसा रस्त्यावरच्या वाहनांचा गोंगाट, म्हणून काम मध्यरात्रीनंतर चाले, आणि सकाळच्या आत गाद्या मूळ जागी परत नेऊन ठेवाव्या लागत. बाके, जमीन, व्यासपीठ, मागची भिंत असे सर्व गाद्यांनी झाकले गेले तेव्हा साडेपाच सेकंदांचा नाद १.१४ सेकंदांवर आला. हे एका रात्रीचे काम नव्हते. दोन-तीन वर्षे हा गृहस्थ दिवसा वर्ग घेत होता आणि रात्री गाद्या वाहत होता.

या काळातील एक प्रसंग मी वर्गात दरवर्षी सांगतो. मोजणीत किंचित फरक पडू लागला आणि कारण सापडेना. शेवटी उलगडा झाला तो असा की सेबाइनच्या अंगावरचे कपडेसुद्धा ध्वनी शोषून घेत होते, आणि कपडे तर रोज बदलत. हजारो निरीक्षणे त्याने टाकून दिली, ठराविक एकच पोशाख ठरवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आपल्या प्रयोगवहीतील उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळवून घेणाऱ्यांनी (असे कोणी आपल्याकडे असल्यास!) हा प्रसंग जरूर ध्यानात ठेवावा.

मोजायचे तर माप हवे. सेबाइनने माप निवडले ते उघड्या खिडकीचे. खिडकीतून बाहेर पडलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषणाचा एक घटक. मग गादी, गालिचा, पडदा, माणूस, प्रत्येकाची किंमत किती खिडकी हे ठरवता येते. पुढे या घटकाला ‘सेबिन’ हे नाव मिळाले.

एवढे होऊनही तो निष्कर्ष काढायला धजत नव्हता. फॉगची खोली वापरण्याजोगी करून दे, बाकी राहू दे, असा तगादा एलियट यांना लावावा लागला. तेवढ्यात बॉस्टनच्या वाद्यवृंदासाठी नवे सभागृह बांधायचे ठरले, हेन्री ली हिगिन्सन यांनी शास्त्रीय सल्ला मागितला आणि एलियट यांनी सेबाइनचे नाव सुचवले. सेबाइनने प्रथम टाळाटाळ केली. १८९८ च्या शरद ऋतूत घरी आपल्या टिपणांवर नजर फिरवीत असताना त्याला उमगले की शोषण आणि नादाचा काळ यांचा आलेख म्हणजे अपास्त, अर्थात हायपरबोला आहे, दोहोंचा गुणाकार खोलीच्या आकारमानावर ठरतो. आता त्याने होकार कळवला. स्वतःची पत, हिगिन्सन यांचा पैसा आणि एका शहराचे संगीत त्याने या एका वक्ररेषेवर पणाला लावले.

हे सूत्र आपल्या दिवाणखान्याला लावून पाहू. साडेचार मीटर लांब, ३.६ मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली घ्या. आकारमान सुमारे ४९ घनमीटर. भिंती गिलाव्याच्या, खाली चकचकीत फरशी, सामान काही नाही. अशा खोलीचे एकूण शोषण जेमतेम अडीच चौरस मीटर खिडकीइतके भरते. आकारमानाला ०.१६१ ने गुणून शोषणाने भागा. उत्तर तीन सेकंदांच्या वर! एवढ्या घुमणाऱ्या खोलीत कितीही किमतीचा स्पीकर आणा, संवाद कळायचे नाहीत. जाड पडदे, जाजम, कापडी सोफा आणि चार माणसे आली की शोषण तेरापर्यंत जाते आणि काळ ०.६ सेकंदांवर येतो.

टिळकवाडीतील एका परिचितांकडे अगदी हेच घडले. विक्रेत्याने त्यांना आणखी मोठा सबवूफर घेण्याचा सल्ला दिला होता. आम्ही वहिनींकडून दोन जाड वाकळी मागून घेतल्या आणि समोरच्या भिंतीवर टांगल्या. संवाद तत्काळ उकलले. एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी जोडलेली होती, तीही सरळ केली. अशा उलट्या जोडणीत एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि खर्जाचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात.

परंतु सबवूफरची घुमघुम तशीच राहिली, आणि त्याचेही कारण सेबाइननेच दाखवून ठेवले आहे. १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने निरनिराळ्या उंचीच्या स्वरांचे शोषण मोजून दिले. मऊ वस्तू वरचे स्वर चटकन गिळतात, खर्ज मात्र त्यांना फारसा दाद देत नाही. त्याच निबंधात बॉस्टनच्या संगीतविद्यालयातील पियानोच्या खोल्यांचा प्रयोग आहे. गाद्या आत-बाहेर करीत जाणत्या वादकांना पसंती विचारली, तेव्हा त्यांची आवड सरासरी १.०८ सेकंदांपाशी येऊन ठेपली, आणि मतभेद अगदी थोडा होता. अभिरुचीही मोजता येते हे त्यातून दिसले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सेबाइनचे सूत्र मोठ्या सभागृहाचे आहे. लहान खोलीत खर्जाच्या लाटा खोलीएवढ्याच लांब असतात आणि तेथे हे सूत्र लंगडे पडते. साडेचार मीटरच्या खोलीत ३८ हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन भिंतींमध्ये स्थिर लाट बनून राहतो. भिंतीलगत तो दणदणतो, मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. परिचितांचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आणि सबवूफर कोपऱ्यात, म्हणजे दोन्ही जागा दणदणाटाच्याच. यावरची युक्ती आता सर्वांना ठाऊक आहे. सबवूफर सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, खर्जाचा स्वर लावायचा आणि आपण गुडघ्यांवर भिंतीकडेने रांगत जायचे. जेथे स्वर सारखा आणि मोकळा ऐकू येईल ती सबवूफरची जागा. यजमान आणि मी असे दोन प्रौढ गृहस्थ रांगत असताना मुलांना आवरणे कठीण झाले, पण जागा सापडली. सोफा अडीच फूट पुढे घेतला. एक रुपयाही खर्च झाला नाही.

बॉस्टनचे सिंफनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजी उघडले. लाइपझिगच्या नामांकित सभागृहाच्या २.३० सेकंदांच्या तोडीस तोड असा २.३१ सेकंदांचा हिशेब सेबाइनने मांडला होता. पुढे झालेल्या मोजण्यांत श्रोत्यांनी भरलेल्या सभागृहाचा काळ याहून कमी निघाला, आणि सुरुवातीला काही समीक्षकांनी नाकेही मुरडली. आज मात्र हे सभागृह व्हिएन्ना आणि ॲम्स्टरडॅमच्या सभागृहांच्या पंक्तीला बसवले जाते. त्याच वर्षी सेबाइनचा विवाह झाला. पत्नी जेन केली ही डॉक्टर होती. पुढे काही वर्षे तो विद्याशाखेचा प्रमुख होता, नाटकगृहांना सल्ला देत होता, लहान नमुन्यांत ध्वनिलहरींची छायाचित्रे घेत होता. लिहिण्याच्या बाबतीत मात्र तो अखेरपर्यंत चिकू राहिला. खात्री होईपर्यंत छापायचे नाही हा त्याचा हट्ट, आणि त्यापायी पुष्कळ काम त्याच्याबरोबरच गेले असावे, याची मला खंत वाटते.

पहिल्या महायुद्धात तो युरोपात गेला, परतल्यावर विमानविषयक कामासाठी वॉशिंग्टन आणि शिकवण्यासाठी हार्वर्ड अशा फेऱ्या करू लागला. मूत्रपिंडाचा विकार बळावला होता, शस्त्रक्रिया तो पुढे ढकलीत राहिला. १० जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी तो वारला. इलिनॉयमधील जिनीव्हा गावी खास त्याच्यासाठी बांधलेली ध्वनिप्रयोगशाळा नुकतीच तयार होत आली होती. ती पॉल सेबाइन या त्याच्या दूरच्या नातेवाइकाने पुढे चालवली. निबंधांचा संग्रह १९२२ साली निघाला. ज्या व्याख्यानगृहात गाद्यांचा प्रयोग झाला, ती इमारत हार्वर्डने १९७३ साली पाडली आणि तेथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधले.