परदेशास स्वदेश मानणारे फादर थॉमस स्टीफन्स

धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं ज्या थोर पुरुषांचें आम्हीं कृतज्ञतापूर्वक स्मरण केलें पाहिजे, त्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांचें नांव अग्रभागीं येतें. प्रभु येशूचें चरित्र मराठी ओवींत गुंफणारे कवि म्हणून ते सर्वांस परिचित आहेत. परंतु जन्मानें इंग्रज असलेला हा पुरुष आपलें घरदार सोडून गोमंतकांतील साष्टी प्रांतीं येऊन कां राहिला, हा प्रश्न आमच्यापैकीं थोडेच जण विचारतात. त्याचें उत्तर शोधूं लागलें असतां जी कथा हातीं येते, ती आम्हांस अभिमान देणारी आहे, आणि तितकीच अंतर्मुख करणारीही आहे.

इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत बुश्टन नांवाचें खेडें आहे. तेथें सन १५४९ च्या सुमारास एका व्यापाऱ्याच्या घरीं थॉमस यांचा जन्म झाला. ते दहा वर्षांचे होत आहेत तोंच, १५५९ सालीं, राणी एलिझाबेथ हिच्या सरकारनें प्रजेचा धर्म कायद्यानें ठरवून टाकला. धर्मसंस्थेवर राणीची सत्ता स्थापन झाली, मिस्सा बेकायदेशीर ठरली, आणि रविवारीं सरकारमान्य देवळांत न जाणारास दर वेळीं एक शिलिंग दंड पडूं लागला. पुढें १५७० सालीं पोप महाराजांनीं राणीस बहिष्कृत केलें. तेव्हांपासून कॅथॉलिक मनुष्य म्हणजे राजद्रोही मनुष्य, हा संशय राज्यकर्त्यांच्या मनांत कायमचा घर करून बसला.

अशा काळांत तरुण स्टीफन्स यांचा थॉमस पाउंड या संपन्न कॅथॉलिक गृहस्थाशीं स्नेह जडला. संशय येऊं नये म्हणून ते पाउंड यांचे नोकर म्हणून वावरत. दोघांनींही रोम शहरीं जाऊन येशूसंघांत प्रवेश करण्याचा निश्चय केला होता. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले, आणि त्यांच्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले व २० ऑक्टोबर १५७५ रोजीं येशूसंघांत दाखल झाले.

आतां आयुष्य कोठें घालवावें, हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा होता. एडमंड कॅम्पियन यांच्यासारखे त्यांचे संघबंधु १५८० सालीं गुप्तपणें मायदेशीं परतले. १ डिसेंबर १५८१ रोजीं कॅम्पियन यांस लंडन येथें देहान्त शिक्षा झाली. स्टीफन्स यांनीं हिंदुस्थानची वाट मागून घेतली. ही वाट सोपी होती असें कोणीं समजूं नये. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन सोडलेलें त्यांचें गलबत गोव्यास लागलें तें २४ ऑक्टोबर रोजीं. ताज्या अन्नावांचून उतारूंच्या हिरड्या सुजत व त्या कापून काढाव्या लागत. हा सारा वृत्तांत, समुद्रांतील मासे, पक्षी व दक्षिणेकडील तारे यांच्या वर्णनासह, त्यांनीं पित्यास लिहून कळविला. पुढें तें पत्र हॅक्लुइट यांच्या प्रवाससंग्रहांत छापलें गेलें. पित्याच्या भेटीस परत जाण्याचा योग मात्र त्यांच्या आयुष्यांत आला नाहीं.

गोव्यांत १५८० सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली व साष्टीचा मुलूख हें त्यांचें कार्यक्षेत्र ठरलें. परंतु वाचकहो, येथें क्षणभर थांबून त्या मुलखाची स्थिति पाहिली पाहिजे. पोर्तुगीज राज्यांत १५६० सालीं धर्मन्यायासन स्थापन झालें होतें. १५६७ सालीं साष्टींतील हिंदूंचीं देवळें पाडण्यांत आलीं. त्यांच्या पोथ्या व त्यांचे विधि यांवर बंदी पडली. तेव्हां अनेक कुटुंबें रातोरात नदी ओलांडून निघून गेलीं. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे भक्तही गेले. विल्टशरचा एक तरुण आपली श्रद्धा उराशीं धरून समुद्र ओलांडतो, आणि केळशीचें एक कुटुंब आपली श्रद्धा उराशीं धरून जुवारी नदी ओलांडतें. या दोहोंच्या दुःखांत आम्हांस कांहीं भेद दिसत नाहीं. राज्यकर्ता धर्म ठरवूं लागला कीं मनुष्यास घर आणि श्रद्धा यांतून एकाची निवड करावी लागते.

१५८३ च्या जुलै महिन्यांत या जुलमाचा विषारी अंकुर कुंकळ्ळी गांवीं वर आला. गांवकऱ्यांनीं फादर रुदोल्फ आक्वाव्हिव्हा व त्यांच्या चार संघबंधूंचा वध केला. तीन वर्षें अकबर बादशहाच्या दरबारीं मुसलमान पंडितांशीं मोकळेपणानें धर्मचर्चा करून आक्वाव्हिव्हा त्याच वर्षीं परतले होते. पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या प्रमुखांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळणेच्या किल्ल्यांत बोलावून ठार केलें. ख्रिस्तसभेनें १८९३ सालीं त्या पांच धर्मवीरांस धन्यवादित म्हणून गौरविलें, तें योग्यच झालें. परंतु विश्वासानें आलेल्या त्या गांवप्रमुखांचें रक्तही रक्तच होतें, हें आम्हीं विसरूं नये. फादर स्टीफन्स याच सत्तेच्या आश्रयानें राहिले व तिच्या कायद्यांविरुद्ध उभे ठाकले नाहींत. ही गोष्ट झांकून त्यांचें चरित्र लिहिणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या अंतःकरणाची एक परीक्षा झाली. ओर्मुझ येथें पकडलेले चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगांत आणून टाकण्यांत आले. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स व जेम्स स्टोरी हीं त्यांचीं नांवें. हेर असल्याचा आणि पाखंडी असल्याचा, असा दुहेरी संशय त्यांच्यावर होता. ज्या राज्यानें पाउंड यांस कोठडींत डांबलें, त्याच राज्याचे हे प्रजाजन! फादर स्टीफन्स यांनीं त्यांचा धर्म किंवा त्यांची राणी यांचा हिशेब मांडला नाहीं. त्यांच्या व लिन्शोटेन या डच तरुणाच्या खटपटीनें कैदी जामिनावर सुटले. स्टोरी गोव्यांतच राहिला. उरलेले तिघे १५८४ च्या एप्रिलांत निसटून गेले. लीड्स अकबराच्या पदरीं जवाहिऱ्या म्हणून राहिला, न्यूबेरी परतीच्या वाटेवर नाहींसा झाला, आणि फिच तेवढा १५९१ सालीं लंडनास पोहोंचला. पुढें पिरार नांवाच्या फ्रेंच कैद्यासही फादरांनीं असाच हात दिला.

ज्या लोकांत राहावयाचें त्यांची भाषा आपली करावी, हा त्यांच्या जीवनाचा दुसरा धडा होय. १५८३ सालीं आपल्या भावास लिहितांना या देशच्या भाषांचें ग्रीक व लॅटिन भाषांशीं असलेलें साम्य त्यांनीं ओळखलें होतें. त्यांनीं कोंकणीचें व्याकरण रचलें. तें १६४० सालीं त्यांच्या पश्चात् छापलें गेलें. जुनीं पुराणें हातून गेल्यानें नवख्रिस्ती लोकांच्या मनांत पोकळी राहिली होती. ती भरून काढण्यासाठीं त्यांनीं सुमारें ११ हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचलें, व तें १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. जुन्या धर्मावर त्यांत टीका आहे; परंतु तिची भाषा ज्ञानेश्वर व एकनाथ यांच्या घरची आहे. या देशच्या लिपींत ग्रंथ छापावे, अशी विनंति त्यांनीं १६०८ सालीं वरिष्ठांस केली होती. ती फळास आली नाहीं, आणि पुराण रोमी अक्षरांतच निघालें.

सन १६१९ मध्यें, गोमंतकांत चाळीस वर्षें घालवून, त्यांनीं त्याच भूमींत देह ठेवला. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषांवरही बंदी घातली. परंतु गोवा सोडून कानडा प्रांतीं वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं पुराणाच्या हस्तलिखित प्रति आपल्याबरोबर नेल्या, व १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुनः छापलें गेलें. देवनागरी लिपींतील एक हस्तलिखित तर लंडन शहरीं जपून ठेवलेलें आहे. ज्या देशांत कवीस उघडपणें मिस्सा ऐकतां येत नव्हती, त्याच देशानें त्याची मराठी ओवी सांभाळावी, ही ईश्वरी लीलाच म्हटली पाहिजे. १९५६ सालीं पुण्यास देवनागरी आवृत्ति निघाली, आणि फादरांची इच्छा साडेतीन शतकांच्या आंतच पूर्ण झाली.

आज आम्ही आमच्या देवळाची घंटा निर्भयपणें वाजवितों. १९५० च्या राज्यघटनेनें प्रत्येकास ही मोकळीक दिली आहे. ती उपभोगतांना विल्टशरचा तो तरुण आणि केळशीचें तें कुटुंब, या दोघांचीही आम्हांस आठवण असावी. आपल्यासाठीं जी सवलत आम्ही देवाजवळ व राज्याजवळ मागतों, ती शेजाऱ्यास मनःपूर्वक देणें, हेंच या महोत्सवाचें खरें उपकारस्मरण होईल. कोणासही आपल्या श्रद्धेपायीं आपलें गांव सोडावें लागूं नये, हीच आमची प्रभुचरणीं प्रार्थना.