स्वामीजींनी वेगळी ठेवलेली दोन खाती

दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी परभणीत स्वामी रामानंद तीर्थांचे स्मरण होते. त्यांची भगवी वस्त्रे पाहून आजची मुले त्यांना मठाधिपती समजली तर नवल नाही. पण स्वामीजींना ना मठ होता, ना संप्रदाय.

मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म १९०३चा, सिंदगीचा. कामगारपुढारी ना. म. जोशींजवळ काही काळ काम केल्यावर त्यांनी हिप्परगा आणि अंबाजोगाईला शिक्षकी केली. १९३२ साली संन्यास घेतला, तरी वर्ग सोडला नाही.

१९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. पुढच्या वर्षी स्वामीजी शाळा सोडून चळवळीत उतरले.

निजामी राज्यात धर्म आणि सत्ता यांची गाठ घट्ट होती. राज्याचा खरा धनी मुसलमान समाज, अशी इत्तेहादुल मुसलमीनची भूमिका. मंदिर, हवन यांवरील निर्बंधांविरुद्ध आर्य समाज आणि हिंदू महासभा उभ्या राहिलेल्या. त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण स्टेट काँग्रेसला हवी होती सर्व प्रजेला जबाबदार असलेली राज्यपद्धती. सरकारने तिलाही जातीय ठरवून स्थापनेआधीच बंदी घातली. ऑक्टोबर १९३८मध्ये गोविंदराव नानलांच्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला, पाठोपाठ स्वामीजीही तुरुंगात गेले. धार्मिक सत्याग्रहही त्याच सुमारास चालू असल्याने दोन्ही एकच म्हणणे सरकारला सोपे झाले. अखेर गांधीजींच्या सल्ल्यावरून स्टेट काँग्रेसने डिसेंबरात आपला सत्याग्रह थांबवला. एवढे करूनही बंदी उठायला १९४६ साल उजाडले.

मी जन्मभर बँकेत हिशेब पाहिले. एका खात्याची रक्कम दुसऱ्यात टाकली की बेरीज मोठी दिसते, ताळेबंद मात्र खोटा ठरतो. धर्माच्या हाकेवर स्वामीजींभोवती गर्दी सहज जमली असती. त्यांनी ती हाक दिली नाही. रझाकारांचे अत्याचार चालू असतानाही लढा नागरिकांचाच राहिला. म्हणूनच विलीनीकरणाची बाजू मांडणारे पत्रकार शोएबुल्ला खान त्यातले हुतात्मे ठरतात. ऑगस्ट १९४८मध्ये त्यांचा खून झाला.

पुढे स्वामीजी १९५२ साली गुलबर्ग्याहून आणि १९५७ साली औरंगाबादहून लोकसभेत गेले. मंत्रिपदापासून मात्र दूरच राहिले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

आज कोणत्याही धर्माचा झेंडा घेऊन कोणी मत मागायला दारी आला, तर मराठवाड्याच्या माणसाने हा जुना हिशेब एकदा काढून पाहावा.