दुर्गाबाई खोटे : पत्करलेल्या कामाचा मान



१९७३ साली आलेला ‘बॉबी’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातील बॉबीची आजी, मिसेस ब्रॅगेन्झा, आठवते ना? श्रीमंतांच्या मुलाला पोटच्या पोरासारखे सांभाळणारी ती ख्रिस्ती आजी आपल्याच शेजारची वाटते. ती भूमिका करणाऱ्या दुर्गाबाई खोटे तेव्हा ६८ वर्षांच्या होत्या. त्यांची जीवनकथा आपण जाणून घेण्यासारखी आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी झाला. माहेर लाडांचे, घराणे मूळचे गोव्याचे, वडील मुंबईत सॉलिसिटर. त्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या. लहान वयातच सधन खोटे घराण्यात त्यांचे लग्न झाले. परंतु सासरचे वैभव ओसरले, आणि पती विश्वनाथ यांचेही अकाली निधन झाले. बकुळ आणि हरीन या दोन मुलांना वाढवायचे होते.

या ओढाताणीच्या काळात त्यांनी सिनेमात पाऊल टाकले. त्या काळी चांगल्या घरातील स्त्रीने पडद्यावर येणे म्हणजे कुळाला बट्टा, असे मानले जाई. १९३१ साली ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी छोटी भूमिका केली. चित्रपट पडला आणि लोकांनी नावे ठेवली. दुसरी एखादी स्त्री तिथेच थांबली असती. पण कोल्हापूरच्या प्रभात कंपनीच्या व्ही. शांताराम यांनी त्यांना तारामतीची भूमिका दिली. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ साली आला, आणि नावे ठेवणारेच तारामतीचे दुःख पाहून डोळे पुसू लागले. त्यानंतर अनेक सुशिक्षित मुलींना या क्षेत्राची वाट मोकळी झाली.

त्यांच्या भूमिकांची विविधता पाहून मन थक्क होते. १९३४ साली त्या ‘सीता’ झाल्या, आणि १९४२ साली ‘भरत मिलाप’मध्ये त्याच रामकथेतील कैकेयी! ‘अमरज्योती’त (१९३६) अन्यायाविरुद्ध बंड करणारी समुद्री लुटारूंची राणी, ‘पायाची दासी’त (१९४१) खाष्ट सासू, ‘मुघल-ए-आझम’मध्ये (१९६०) पती आणि पुत्र यांच्यामध्ये होरपळणारी जोधाबाई. रंगभूमीवर ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’ नाटकातील, मॅकबेथच्या पत्नीवर बेतलेली भूमिकाही त्यांनी गाजवली. एका कंपनीच्या बांधील न राहता त्या कोल्हापूर, पुणे, कलकत्ता, मुंबई अशा सर्व ठिकाणी काम करीत राहिल्या. पुढे स्वतःची निर्मितीसंस्था काढून त्यांनी लघुपट केले. दूरदर्शनवरची ‘वागळे की दुनिया’ याच संस्थेची.

१९६८ साली पद्मश्री आणि १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. मात्र आयुष्याने सगळेच दिले असे नाही. हरीन ऐन उमेदीत गेला. पडद्यावर कितीतरी मातांचे दुःख साकारणाऱ्या या स्त्रीच्या वाट्याला ते दुःख खरोखरच आले. तरी त्यांनी काम सोडले नाही. १९८२ साली ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

एखादे काम हलके की प्रतिष्ठेचे हे आपण बहुधा लोक काय म्हणतील यावरून ठरवतो. दुर्गाबाईंनी मुलांसाठी पत्करलेले काम तेच राहिले. त्यांनी ते इतके मन लावून केले की लोकांनाच आपले मत बदलावे लागले. आपल्या धर्मग्रामातही एकटीने घर चालवणाऱ्या भगिनी आहेत. कुणी दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करते, कुणी रात्रपाळीला जाते. कुणाची मुलगी नाटकात काम करू इच्छिते. त्यांना नावे ठेवण्यापूर्वी आपण क्षणभर थांबूया. चर्चबाहेर त्या भेटल्या, तर आपुलकीने त्यांच्या कामाची चौकशी करूया.

— आपला धर्मगुरू