विश्लेषण : वर्गाच्या भिंती बोलक्या करू पाहणाऱ्या कोमेनियस यांचा स्वतःचा शब्दकोश कसा जळाला?

जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलात तर फळ्याच्या आजूबाजूला, व्हरांड्यात, कधी जिन्याच्या पायऱ्यांवरही शब्द रंगवलेले दिसतात. ‘बोलक्या भिंती’ हे नाव आता पालकांनाही ठाऊक झाले आहे. भिंतीनेही शिकवावे, ही कल्पना मात्र जुनी आहे. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी युरोपात तिचा आग्रह धरणारे शिक्षक म्हणजे योहान आमोस कोमेनियस.

कोण होते कोमेनियस?

जन्म २८ मार्च १५९२ चा, मोरावियातला. हा भाग आज चेक प्रजासत्ताकात आहे. मातृभाषा चेक. लहानपणीच आई-वडील गेले. लॅटिन शाळेत प्रवेश मिळाला तो थेट सोळाव्या वर्षी. तिथे अर्थ न कळता नियम पाठ करायचे आणि चुकले की मार खायचा. वय जास्त असल्याने आपल्याला नेमके काय खटकते आहे, हे त्यांना कळत होते. पुढच्या सगळ्या कामाचे मूळ इथे असावे.

जर्मनीत शिकून ते धर्मोपदेशक आणि शिक्षक झाले. मग तीस वर्षांचे युद्ध पेटले. १६२१ मध्ये त्यांचे गाव फुल्नेक लुटले गेले. पाठोपाठ पत्नी आणि दोन मुले साथीत दगावली. प्रोटेस्टंट असल्यामुळे १६२८ मध्ये देश सुटला, तो कायमचा. पोलंडमधील लेश्नो हे नवे घर झाले.

भिंतीवर नेमके काय हवे होते?

‘डिडॅक्टिका मॅग्ना’ या ग्रंथात त्यांनी सुचवले, की वर्गात वापरायच्या पुस्तकांचा सारांश, मजकूर आणि चित्रे भिंतींवर असावीत. मुलाची नजर रोज जिथे जाते, तिथेच शब्द भेटावा. त्यांची अट एकच होती. शब्द एकटा नको, त्याच्यासोबत वस्तू हवी. वस्तू आणणे शक्य नसेल तर चित्र.

हीच अट १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला छापलेल्या ‘ऑर्बिस पिक्टस’ या पुस्तकात दिसते. हे पुस्तक त्यांनी हंगेरीतील शारोश्पाटॉकच्या शाळेत शिकवताना तयार केले. तिथे चित्रे कोरणारा कारागीर मिळेना, म्हणून छपाई जर्मनीत गेली. १५० पाठ, विषय पाव भाजणाऱ्याचे दुकान, स्वयंपाकघर, जहाज, शाळा असे. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि शेजारच्या लॅटिन-जर्मन मजकुरात त्या शब्दाला तोच क्रमांक. इंजिनीअरिंग ड्रॉइंगचा पेपर दिलेल्यांना हे लगेच ओळखीचे वाटेल. असेंब्लीतल्या भागांना नंबर आणि बाजूला पार्ट्स लिस्ट, तसेच हे.

अक्षरओळखही आवाजातून होती. कावळा, कोकरू, साप यांच्या ओरडण्या-फुसफुसण्यातून एकेक अक्षर. मुलांनी ही चित्रे हाताने काढून पाहावीत, असेही त्यांनी सांगून ठेवले. आज अनेक बोलक्या भिंती गुत्तेदाराचा पेंटर रंगवून जातो आणि मुले फक्त बघतात. त्या जागी ही सूचना आठवावी अशी आहे.

मग शब्दकोशाचे काय झाले?

या कामाच्या जोडीला ते चाळीसहून अधिक वर्षे चेक भाषेचा मोठा कोश जुळवत होते. परागंदा माणसांची भाषा टिकावी, हा हेतू. १६५५ मध्ये स्वीडनने पोलंडवर स्वारी केली. लेश्नोतील प्रोटेस्टंटांनी स्वीडिश सैन्याचे स्वागत केले आणि कोमेनियस यांनी तर स्वीडनच्या राजाची जाहीर स्तुती लिहिली. पोलिश भूमीत आश्रय घेतलेल्या माणसाचा हा निर्णय चुकलाच. एप्रिल १६५६ मध्ये पोलिश सैन्याने लेश्नो जाळले. घर, ग्रंथसंग्रह, हस्तलिखिते आणि तो कोश, सगळे त्यात गेले. तेव्हा त्यांचे वय ६४ होते. कोश पुन्हा उभा राहिला नाही.

उरलेली वर्षे ॲमस्टरडॅममध्ये गेली. ‘ऑर्बिस पिक्टस’ तेथे असतानाच छापून आले आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. १५ नोव्हेंबर १६७० रोजी कोमेनियस यांचे निधन झाले. समाधी नेदरलँड्समधील नार्देन येथे आहे.

लॅटिन, जर्मन आणि हंगेरियनसोबत चेक शब्द असलेली ‘ऑर्बिस पिक्टस’ची आवृत्ती १६८५ मध्ये, आज स्लोव्हाकियात असलेल्या लेवोचा शहरात छापली गेली. तोवर त्यांना जाऊन १५ वर्षे झाली होती.