पुण्यश्लोक मातोश्री अहिल्याबाई

चौंडी ग्रामी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या कुळात सून म्हणून आल्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती जाण्यास सिद्ध झालेल्या सुनेस सासरे मल्हाररावांनी विनवून परावृत्त केले. १७६६ साली मल्हारराव व १७६७ साली पुत्र मालेराव निवर्तले. बाईंनी राज्यभार शिरी घेतला. महेश्वरी घाट बांधविले, काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारिले.

परंतु दैवाने पाठ सोडली नाही. नातू नथ्याबा अकाली गेला. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई, मातेने परोपरीने विनविले असताही, सती गेली. सासऱ्याच्या शब्दाखातर जी जगली, तिचा शब्द लेकीस थांबवू शकला नाही.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी मातोश्री शिवचरणी लीन झाल्या. त्यांच्या पुण्यस्मृतीस सादर वंदन.